सुकाणूंवरचा स्वस्त चाकर

इ. स. १८७० च्या आरंभीं ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाची अवाढव्य आगबोट मुंबईच्या बंदरांत येऊन राहिली होती. मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार टाकण्याची कामगिरी तिच्याकडे होती. ६९२ फूट लांबीच्या ह्या बोटीचें सुकाणूं नुसत्या मनगटाच्या बळावर फिरविणें म्हणजे खलाशांची मोठी झटापट होती. ती संपली ती जॉन मॅक्फार्लेन ग्रे ह्या यंत्रज्ञामुळें. त्यानें १८६६ सालीं सुकाणूं फिरविणाऱ्या वाफेच्या यंत्राचें पेटंट घेतलें व पुढच्याच वर्षीं तें यंत्र ह्या बोटीवर चढलें. सुकाणूंदारानें हातांतलें लहान चाक जितकें फिरवावें तितकेंच तें प्रचंड सुकाणूं वाफेच्या जोरावर फिरे, आणि नेमक्या जागीं पोंचतांच वाफेची वाट आपोआप मिटून तेथेंच थबके. यंत्राच्या अंगीं बळ होतें ह्यांत कांहीं नवल नव्हे. हुकूम किती होता आणि काम किती झालें ह्याचा ताळा तें स्वतःच पाही, हें नवल होतें. जोसेफ फार्को ह्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८७३ सालीं अशा यंत्रांवर ग्रंथ लिहिला, व त्यांना जें नांव दिलें त्यांतील ‘सर्व्हो’ हें पद लॅटिन भाषेंतून आलें आहे. त्याचा अर्थ दास, चाकर.

तोच चाकर आज चार-पांच तोळ्यांच्या डबींत राहतो आणि बिनतारी हुकमानें धांवणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचीं पुढचीं चाकें वळवितो. आगबोटीवरच्या यंत्राला तेलपाणी करण्यास माणसें नेमलेलीं असत. ह्या डबीकडे मात्र ती बिघडेपर्यंत कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. बिघडली म्हणजे शर्यत तर जातेच, पण कधीं कधीं मैदानांत उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यावरहि बेततें. आणि ह्या डब्या अलीकडे फारच स्वस्त मिळूं लागल्या आहेत, म्हणून त्यांच्या टिकाऊपणाचा प्रश्न पुष्कळ घरांत निघूं लागला आहे.

ह्या गाड्यांना खेळणीं म्हणावें कीं यंत्रें, ह्याविषयीं मात्र घरोघर मतभेद आहेत. मुलें त्यांना यंत्रें म्हणतात, आणि खर्चाचा आंकडा पुढें आला म्हणजे वडील मंडळी त्यांना खेळणीं म्हणतात. इटलींतील रेज्जो एमिल्या येथील ‘एल-जी’ ह्या कारखान्यानें १९६६ सालीं फेरारीची बाराव्या हिश्श्याच्या आकाराची बिनतारी गाडी विक्रीस आणली. दहा वर्षांनीं, १९७६ त, जपानांतील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनें पोर्शे ९३४ ची तशीच प्रतिकृति काढली, आणि हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडून सामान्य घरांत शिरला. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें मातीच्या मैदानावर दशांश आकाराच्या गाड्यांची पहिली जागतिक शर्यत भरली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या उत्सवांत अशा गाड्यांच्या शर्यती होतात आणि त्या पाहावयास गर्दीहि लोटते. दशांश आकाराची गाडी सुमारें ४० सेंटीमीटर लांब आणि दीड किलो वजनाची असते. ताशीं ५० किलोमीटर हा तिला सहज साधणारा वेग आहे.

आतां ती डबी उघडावी. आंत चार वस्तु दिसतात: एक चिमुकली विजेची मोटर; तिची भिरभिर मंदावून तिचें जोरांत रूपांतर करणारीं चार-पांच दांतेरी चाकें; शेवटच्या आंसाबरोबर फिरणारा एक विद्युत्-रोधक; आणि ह्या सर्वांवर देखरेख ठेवणारी विद्युत्-यंत्रणेची पट्टी. शर्यत खेळणाऱ्याच्या हातांतील प्रक्षेपकाचा हुकूम गाडींतील ग्राहकयंत्राला मिळतो, आणि तेथून सर्व्होकडे तो विजेच्या स्पंदाच्या रूपानें येतो. स्पंद दीड सहस्रांश सेकंद टिकला तर चाकें सरळ राहतात; एक सहस्रांश टिकला तर एका बाजूला पुरीं वळतात; दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या बाजूला. जुन्या पद्धतीच्या सर्व्होला असे सुमारें ५० स्पंद दर सेकंदाला मिळतात, आणि प्रत्येक वेळीं ती पट्टी रोधकाला ‘आंस आतां कोठें आहे?’ असें जणूं विचारून घेऊन, फरक असेल तेवढ्यापुरतीच मोटर फिरविते. हा रोधक कांहीं परकी वस्तु नव्हे. जुन्या नभोवाणी-संचाचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंटीच्या मागें तोच बसविलेला असे.

डबींतून बाहेर आलेल्या आंसावर एक लहान दांडी बसते. तिला छंदी लोक ‘हॉर्न’ म्हणतात. भोंग्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ह्या दांडीच्या टोंकाला जोडलेल्या काड्या पुढच्या चाकांना ओढतात अथवा ढकलतात. रचना एवढीच, आणि तिच्यांतील प्रत्येक सांधा सर्व्होच्या आयुष्यावर आपापला कर बसवीत असतो.

सर्व्हो मरतो कशानें? अतिश्रमानें मरतो असा पुष्कळांचा समज आहे. पण खरें पाहतां शर्यतीच्या गाडींतले बहुतेक स्वस्त सर्व्हो श्रमानें मरत नाहींत, आघातानें मरतात. थोडा हिशोब करून पाहावा. दीड किलो वजनाची गाडी सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर वेगानें लांकडी कठड्यावर आदळली आणि अवघ्या २ सेंटीमीटरांत थांबली, तर त्या क्षणापुरता सुमारें ३८० किलो वजनाइतका जोर गाडीवर पडतो. त्यांतला बहुतेक भाग सांगाडा, पुढचा फेसाचा अडसर आणि चाकें वांटून घेतात. तरीहि आदळणारें चाक एकाच बाजूचें असेल आणि ह्या जोराचा केवळ दहावा हिस्सा काडीमार्गें आंत शिरला असें धरलें, तर दीड सेंटीमीटर लांबीच्या दांडीवर ३८ किलोचा दाब आला. म्हणजे आंसावरचा पीळ ५७ किलो-सेंटीमीटर झाला. बाजारांतील सामान्य सर्व्होचें बळ असतें ह्याच मापानें आठ-दहा. चाकराला जेवढा भार उचलण्यास नेमिला, त्याच्या सहा-सातपट भार अचानक त्याच्या डोक्यावर कोसळतो तो असा.

बरें, हा आघात उलट्या दिशेनें येतो ही त्यांतली खरी अडचण. मोटरीकडून चाकांकडे जातांना दांतेरी चाकांची माळ वेग घटविते आणि जोर वाढविते. चाकांकडून मोटरीकडे जातांना तिला नेमकें उलट करावें लागतें. बाहेरचा आंस एक अंश ढळावयाचा तर आंतली मोटर त्याच्या शेंकडों पट फिरली पाहिजे, आणि तीहि सेकंदाच्या शतांशापेक्षां कमी अवधींत. मोटर इतक्या झटक्यासरशीं हलत नाहीं. ती बंद दारासारखी उभी राहते. मग आघात अडकतो तो शेवटच्या मोठ्या चाकाच्या एक-दोन दांत्यांवर. त्या चाकाची त्रिज्या सुमारें अर्धा सेंटीमीटर धरली, तर वरच्या हिशोबाप्रमाणें शंभर किलोहून अधिक भार त्या इवल्याशा दांत्यांना पेलावा लागतो. नायलॉनचा दांता तो पेलीत नाहीं. तो सरळ तुटतो. नंतर चाकें डावीकडे वळतात, उजवीकडे वळत नाहींत, आणि डबींतून कटकट असा आवाज येऊं लागतो.

हें टाळण्यासाठीं दांडीच्या जागीं जी युक्ति बसवितात तिचें नांव ‘सर्व्हो-सेव्हर’. दोन तुकडे एका गोल स्प्रिंगेनें एकमेकांशीं दाबून धरलेले असतात. नेहमींच्या वळणांत ते एकजीव असल्यासारखे चालतात. आघात ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं क्षणभर सुटतात, आणि आघात ओसरतांच स्प्रिंग त्यांना पुन्हां जागेवर आणते. वस्तु साधी, किंमत थोडी. परंतु स्वस्त सर्व्हो एक महिना टिकणार कीं एक हंगाम, हें पुष्कळदां डबी ठरवीत नाहीं, ही स्प्रिंग ठरविते. गाडीच्या संचाबरोबर फुकट येणारी प्लॅस्टिकची स्प्रिंग बहुधा फार मऊ असते. तिनें सर्व्हो वांचतो खरा, पण भरधांव वेगांत चाकें पुरीं वळतच नाहींत, आणि मुलगा सर्व्होला दोष देऊन अधिक बळाचा सर्व्हो आणतो. त्यानेंहि काम होत नाहीं, कारण नवें बळ त्या मऊ स्प्रिंगेंतच जिरतें. तामियासारख्या कंपन्या ह्यासाठीं अधिक ताठ सेव्हर निराळा विकतात. सर्व्हो बदलण्यापूर्वीं तो बदलून पाहिला असता तर कित्येक घरांतला दुसऱ्या सर्व्होचा खर्च टळला असता.

उलट टोंकाचीहि चूक होते. दशांश गाड्यांच्या वरच्या श्रेणींतले पट्टीचे खेळाडू पुष्कळदां सेव्हर काढून टाकतात आणि ॲल्युमिनमची सलग दांडी लावतात, कारण त्यांना हाताच्या सूक्ष्म हालचालीचें तात्काळ उत्तर हवें असतें. त्यांचे सर्व्हो पोलादी अथवा टायटॅनियमच्या चाकांचे असतात आणि मुख्य म्हणजे ते कठड्यावर क्वचितच आदळतात. नवशिका तें पाहून तशीच दांडी आपल्या कांहीं शें रुपयांच्या डबीवर चढवितो आणि दर फेरीला एकदां तरी कठड्याला भेट देतो. गुरूचें अनुकरण करावयाचें तर तें त्याच्या वळणांत करावें. त्याच्या दांडींत करूं नये.

येथें दुकानदार पुढें येतो आणि सांगतो कीं, नायलॉनच्या भानगडींत पडूंच नका, धातूच्या चाकांचा सर्व्हो घ्या. भाव थोडाच जास्त आहे. ह्या सल्ल्यांत अर्धें सत्य आहे आणि उरलेलें अर्धें महागांत पडतें. धातूचा दांता तुटत नाहीं हें खरें; पण आघात त्यामुळें नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या दुबळ्या जागेकडे सरकतो. स्वस्त सर्व्होंत पितळी चाकें असतात, पण तीं ज्या बारीक पोलादी खिळ्यांवर फिरतात ते खिळे प्लॅस्टिकच्या डबीच्या भोंकांत नुसते खोंचलेले असतात. चारदोन आघातांनीं तें भोंक लांबट होतें, चाकें एकमेकांपासून केसभर दूर सरतात, दांते अर्धवट भिडूं लागतात, आणि मग ते एकमेकांवरून घसरून झिजतात. कित्येकदां धातूच्या म्हणविणाऱ्या माळेंत एखादें चाक प्लॅस्टिकचेंच असतें. तें मुद्दाम ठेवलें असेल तर शहाणपणाचें आहे, कारण बिघाड व्हावयाचाच तर तो कोठें व्हावा हें कारागिरानें आधींच ठरविलें असें होतें. परंतु तेवढें एक चाक सुटें मिळत नसेल, तर त्या शहाणपणाचा ग्राहकाला कांहीं उपयोग नाहीं.

शिवाय पितळेची झीज मुकाट्यानें होते. नायलॉनचा दांता तुटला कीं सर्व्हो त्याच वेळीं काम सोडतो. त्याची तक्रार स्पष्ट असते. पितळी चाकें महिनोन् महिने थोडीं थोडीं झिजतात, माळेंत ढिलाई येते, पुढचीं चाकें हातानें धरून हलविलीं तर खुळखुळतात, आणि सरळ मार्गावर गाडी डोलूं लागते. खेळणाऱ्याला वाटतें आपला हातच बिघडला. ह्या दृष्टीनें नायलॉनच्या चाकांचा नामांकित सर्व्हो हा प्रामाणिक गडी म्हणावा लागेल. फुताबा कंपनीचा ‘एस ३००३’ हा जुना सर्व्हो त्याचें उदाहरण आहे. ६ व्होल्टवर त्याचें बळ सुमारें ४ किलो-सेंटीमीटर, ६० अंश फिरण्यास त्याला सुमारें एक-पंचमांश सेकंद लागे. शर्यतीच्या मानानें तो मंद आणि दुबळा. पण शिकाऊ लोकांच्या संचांत तो वर्षानुवर्षें दिला जाई, कारण त्याचीं चाकें सुटीं मिळत आणि कोणीहि तीं घरीं बसवूं शके.

आतां वेष्टनावरच्या आंकड्यांविषयीं. ‘एम. जी. ९९६ आर’ ह्या नांवाचा धातूच्या चाकांचा सर्व्हो महाविद्यालयीन मुलांच्या हातीं हमखास आढळतो. त्याचें छापील बळ ४.८ व्होल्टवर ९.४ आणि ६ व्होल्टवर ११ किलो-सेंटीमीटर. ६० अंशांचा वेग ६ व्होल्टवर ०.१४ सेकंद, वजन ५५ ग्रॅम. आंकडे पाहून कोणालाहि वाटावें कीं हा फुताबाच्या जवळजवळ तिप्पट झाला. परंतु ११ किलो हें बळ म्हणजे सर्व्हो ज्या भाराखालीं जागच्या जागीं अडून बसतो तें बळ होय, आणि ०.१४ सेकंद हा वेग म्हणजे कांहींच भार नसतां फिरण्याचा वेग. हे दोन आंकडे एकाच वेळीं कधींहि खरे नसतात. बैल किती भार ओढतांना मोडून पडतो आणि मोकळा सुटला तर किती पळतो, हे दोन आंकडे सांगून त्याच्या नांगरटीची परीक्षा करण्यासारखें हें आहे. त्यांतून ह्याच नांवाची चिठ्ठी लावलेल्या डब्या अनेक कारखान्यांतून निघतात. बाहेरून त्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात आणि आंतलीं चाकें, मोटर व पट्टी निरनिराळी निघते. त्यामुळें एकाचा सर्व्हो दोन वर्षें चालतो आणि त्याच नांवाचा दुसऱ्याचा दोन शर्यतींत संपतो, आणि दोघेहि आपापल्या अनुभवावर हट्टानें वाद घालतात. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें. ते एकाच वस्तूविषयीं बोलत नसतात, एवढेंच.

आघातानंतर सर्व्होचा दुसरा मारेकरी उष्णता. ती बहुधा मालकाच्या हातूनच येते. प्रक्षेपकावर चाकें किती वळावींत ह्याची मर्यादा ठरविण्याची सोय असते. ती मर्यादा सांगाड्याच्या मर्यादेपेक्षां अधिक ठेवली, तर चाकें अडणीला टेंकतात आणि तरीहि सर्व्हो ‘अजून पोंचलों नाहीं’ म्हणून जोर लावीतच राहतो. वर सांगितलेला सर्व्हो असा अडला तर ६ व्होल्टवर सुमारें अडीच अँपिअर वीज घेतो. म्हणजे १५ वॅट. तारेला डाख देण्याचें साधें विजेचें उपकरण २५ वॅटचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे काडेपेटीहून थोड्याच मोठ्या बंद डबींत काय घडत असेल याची कल्पना येईल. लोहगर्भ नसलेल्या नव्या पद्धतीच्या मोटरी चपळ असतात, पण त्यांची तारेची गुंडाळी पातळ असल्यानें त्या ह्या भाजण्याला लौकर बळी पडतात. उपाय फुकटचा आहे: गाडी उचलून धरावी, चाकें दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावीं, आणि सर्व्हो गुणगुणूं लागला तर गुणगुण थांबेपर्यंत मर्यादा कमी करीत यावें. पांच मिनिटांच्या शर्यतीनंतर डबीला बोट लावून पाहावें. बोट सुखानें ठेवतां येत नसेल, तर कोठें तरी कांहीं अडत आहे. पाटींत खडा शिरला असेल, काडीचा सांधा घट्ट असेल, किंवा डबीच तिरकी आवळली असेल.

विजेच्या दाबाची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. आजच्या लिथियमच्या दोन घटांच्या बॅटरीचा दाब ७.४ व्होल्ट मानतात, आणि ती पूर्ण भरली असतां तो ८.४ पर्यंत चढतो. ६ व्होल्टसाठीं बनविलेला सर्व्हो त्या बॅटरीला थेट जोडला तर पहिल्या दिवशीं तो विलक्षण चपळ वाटतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा वास येतो. ह्याच्या उलट, गाडीच्या वेगनियंत्रकांतून मिळणारा ६ व्होल्टचा पुरवठा जर तोकडा असेल, तर सर्व्होनें जोर लावतांच दाब कोसळतो, ग्राहकयंत्र क्षणभर मूर्च्छित होतें, आणि गाडी बेभान धांवते. दोष लहरींना दिला जातो. लहरी बिचाऱ्या निर्दोष असतात.

आणि तो रोधक. गाडी बहुतेक वेळ सरळ मार्गावर किंवा त्याच्या आसपास असते, म्हणून त्याच्या कर्बाच्या पट्टीवरील मधला भागच सर्वांत अधिक घांसला जातो. तेथें झीज झाली कीं सर्व्होला मध्य सांपडेनासा होतो. चाकें सरळ असतांनाहि थरथरतात. ज्या घरांत जुना नभोवाणी-संच होता त्या घरांतल्या वडील मंडळींना हें दुखणें ओळखीचें आहे: आवाजाची खुंटी नेहमींच्या जागीं आली कीं संच खरखर करी, आणि पुढें-मागें फिरविली कीं गप्प होई. कारण एकच, झिजलेला कर्ब. शर्यतींच्या महाग सर्व्होंतून आतां चुंबकाच्या साहाय्यानें आंसाची जागा ओळखतात, तेथें घांसण्यासारखें कांहीं उरत नाहीं. स्वस्त डबींत मात्र घांसणारा रोधकच असतो, आणि तो बदलण्याच्या खटपटींत पडण्यापेक्षां त्या वेळीं नवा सर्व्हो घेणें बरें.

तर मग घरच्यांनीं काय करावें? महाग सर्व्हो दहा-पंधरा हजारांपर्यंत जातो, आणि पहिल्याच हंगामांत तो मुलाच्या हातीं देणें म्हणजे पोहावयास शिकतांना रेशमी धोतर नेसण्यासारखें आहे. पहिल्या वर्षीं गाडी आदळणारच. त्या वर्षीं स्वस्त सर्व्होच योग्य. परंतु स्वस्त आणि निनांवी ह्या दोन निराळ्या जाती आहेत. ज्याचीं दांतेरी चाकें सुटीं मिळतात, ज्याचे आंकडे कारखाना स्वतःच्या नांवानें छापतो, तो स्वस्त सर्व्हो घ्यावा आणि त्याच वेळीं चाकांचा एक जादा संच व एक चांगला सेव्हर घेऊन ठेवावा. ज्याला ‘२५ किलो’ असे ठळक अक्षर आहे, पण कारखान्याचा पत्ता नाहीं आणि सुटा भाग नाहीं, तो तीनचारशें रुपयांतहि महाग आहे. एकाच्या किंमतींत तीन येतात, एक गेला तर दुसरा लावूं, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. हा हिशोब घरीं टेबलावर बरोबर येतो. मैदानावर मात्र सर्व्हो दोन शर्यतींच्या मधल्या वेळांत बिघडत नाहीं. तो शर्यतींतच बिघडतो.

आणि मैदानावर माणसें असतात. उलटलेल्या गाड्या सरळ करण्यासाठीं वळणावळणावर स्वयंसेवक उभे असतात. बहुधा नुकतेच शर्यत संपवून आलेले खेळाडूच. ताशीं ५० किलोमीटर वेगानें येणारी दीड किलोची गाडी घोट्यावर बसली तर हाड दुखावूं शकतें. लहरींचा संबंध तुटला तर गाडी आपोआप थांबावी अशी तजवीज आजच्या ग्राहकयंत्रांत असते. पण सर्व्होचा दांता तुटल्याचें ग्राहकयंत्राला कळण्याचा मार्गच नाहीं. हुकूम पोंचला, एवढेंच त्याला ठाऊक. इंजिनावर चालणाऱ्या अष्टमांश आकाराच्या गाड्या तीन किलोंहून जड असतात, आणि त्यांच्या जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत एक तास चालते. त्यांत इंधन आणि ब्रेक यांवरहि एक स्वतंत्र सर्व्हो असतो. तो मेला तर गाडी पूर्ण वेगांत मोकाट सुटूं नये म्हणून इंधनाची वाट मिटविणारी स्प्रिंग निराळी लावून ठेवतात. त्या वर्गांत स्वस्त सर्व्हो बसविणें ही काटकसर नव्हे, दुसऱ्याच्या पायांवर खेळलेला जुगार आहे.

दांता तुटलाच तर दुरुस्ती घरीं होण्याजोगी आहे. डबीच्या तळाचे चार लांब स्क्रू काढावे आणि डबी उभी धरूनच वरचें झांकण हळूच उचलावें. आडवी धरली तर चाकें टेबलावर सांडतात व त्यांचा क्रम विसरतो. कोणतें चाक कोणत्या खिळ्यावर होतें, ह्याचें आधीं एक छायाचित्र घ्यावें. तुटलेल्या दांत्याचा तुकडा सांपडेपर्यंत पुढचें काम करूं नये, कारण तो आंत राहिला तर नव्या चाकाचा पहिला दांता तोच मोडतो. जुनें वंगण पुसून नवें अगदीं थोडें लावावें. रोधकाकडे तें उतरूं देऊं नये. शेवटचें चाक बसवितांना त्याच्या पोटांतील खांच रोधकाच्या आंसाशीं जुळली पाहिजे. ती न जुळतां झांकण दाबलें तर रोधक तडकतो. मग स्क्रू तिरप्या कोपऱ्यांनीं आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे, आणि विजेला जोडण्यापूर्वीं दांडी हातानें सावकाश एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून पाहावी. ती वाटेंत कोठेंहि अडली, तर पुन्हां चारहि स्क्रू सैल करून झांकण नीट बसवावें.